शब्दचर्चा : 'हाफ मोर्निंग'ला काय म्हणावं? अर्धसुतक की निमदुखवटा?

भाषांतरी : 'डाउन्टन ॲबी' या ब्रिटिश मालिकेच्या चौथ्या पर्वाच्या उपशीर्षकांसाठी 'हाफ मोर्निंग'ला (half mourning, शोकाचे काळे कपडे सोडून फिक्या रंगांवर यायची पायरी) शब्द हवाय. फेब्रुवारी १९२२. मेरीचा नवरा मॅथ्यू जाऊन सहा महिने झालेत, आणि ती काळे कपडे सोडून फिक्या जांभळ्यात येते. मसुद्यात 'अर्धसुतक' होतं. तपासणीत ते कापून 'शोक ओसरतोय' केलं गेलं. एका ओळीत ४२ अक्षरं. काय ठेवावं?

पंचांगवाले : सुतक नकोच. ते अशौच, जवळच्या भाऊबंदांना दहा दिवस, देवपूजा बंद. रडू येवो न येवो, लागतंच, आणि अर्धं कधी फिटत नाही. पाळायचा तो दुखवटा. 'निमदुखवटा' करा.

शुद्धलेखू : 'निम' फारसी, 'दुखवटा' आपला. ही गोधडी कशाला? 'अर्धशोक' म्हणा.

पंचांगवाले : 'निमशासकीय' चालतं ना? शिवाय इथे अर्धा होतो तो काळा रंग, शोक नव्हे.

पोशाखवाली : मुद्दा हाच. व्हिक्टोरियन रीतीने विधवेला साधारण अडीच वर्षं. पहिलं वर्ष आणि वर एक दिवस बिनचमकीचा काळा क्रेप, म्हणजे सुरकुतलेलं कापड (भिजला की आक्रसतो, रंग अंगाला लागतो), दागिने इंग्लंडमधल्या व्हिट्बीच्या जेटचे, म्हणजे काळ्या खड्याचे. मग क्रेप कमी करत जायचा, आणि शेवटचे सहाएक महिने करडा, फिका जांभळा. विधुराचं टोपीवरच्या काळ्या पट्टीवर तीनेक महिन्यांत भागे. पहिल्या महायुद्धात घरोघरची माणसं गेली आणि हे सगळं सैल झालं, म्हणून मेरीचं सहा महिन्यांत रंग बदलणं खपतं.

पण 'शोक ओसरतोय' लिहिलंत तर पुढची गोष्टच बिघडते. गिलिंगहॅमने मागणी घातली तरी ती नाही म्हणते. पुढे हेन्री टॅल्बट आवडतो, पण तो मोटारी पळवणारा, आणि मॅथ्यू मोटार अपघातातच गेलेला. ब्रुकलँड्सच्या शर्यतीत हेन्रीचा मित्र चार्ली रॉजर्स मरतो तेव्हा ती हेन्रीशी संबंधच तोडते. होकार देण्याआधी मॅथ्यूच्या थडग्यापाशी जाऊन येते. तोवर १९२५ उजाडलेलं असतं. रंग केव्हाच बदललाय, भीती तिथेच आहे.

घाटमाथा : 'दुखवटा' म्हणजे बऱ्याच घरी तेराव्या-चौदाव्याला नातेवाइकांनी द्यायचे कपडे. 'निमदुखवटा' वाचून कुणाला वाटेल, आहेर अर्धाच आला.

बखरप्रेमी : मराठीत शब्द नाही कारण ती पायरीच नव्हती. विधवेला केशवपन आणि आलवण (तांबडं लुगडं), ते मरेपर्यंत. पुरुषासाठी मात्र 'बिजवर' (दुसरेपणाचा नवरा) तयार.

घाटमाथा : हे ब्राह्मणी घरांपुरतं. बाकी कितीतरी जातींत विधवांचे पुनर्विवाह, म्हणजे पाट लागत, म्होतूर होत. शब्द तिकडे शोधा.

शुद्धलेखू : 'मोहतूर' लिहा, 'मुहूर्त'वरून आलाय.

बखरप्रेमी : मुहूर्तावरून? मग पाट रात्री, अंधारात का लावत?

भाषांतरी : मंडळी, फाइल आज संध्याकाळी जायचीय.

शुद्धलेखू : 'अर्धशोक'. अक्षरंही कमी लागतात.