जुन्या पैठणीचा पदर वाचवायचाय, मदत हवी आहे

मंडळी, आजेसासूबाईंची नऊवारी पैठणी माझ्याकडे आली आहे. अस्सल हातमागाची, पदरावरचे बांगडी मोर उलट बाजूनेही तितकेच रेखीव, मागे एक धागा लोंबत नाही. पण अंगाचं रेशीम घड्यांवर विरलंय, हात लावला की चिरतं. पदर आणि नारळी काठ मात्र ठणठणीत. एका दुकानदाराने पदर-काठातल्या जरीच्या तारा वितळवून पैसे घ्या म्हणून सुचवलं (अंगावर काटाच आला!). येवल्याला किंवा पैठणला जुना पदर-काठ नव्या रेशमी अंगाला जोडून देणारे कारागीर आहेत का? की नुसतं रफू करून मागून मलमल लावली तर टिकेल? जर काळवंडलीय, पण ती उजळायची नाहीये, तशीच छान दिसते. खर्चाचा अंदाजही सांगा. पुतणीचं लग्न मार्गशीर्षात आहे, तिला हीच नेसायचीय.