इंडोनेशियाच्या नोटांवरचे हे लोक कोण?

लालबागकर
बालीहून येऊन आठ दिवस झाले. पाकिटात दहा हजाराची एक, दोन हजाराच्या दोन आणि हजाराची एक अशा रुपियाच्या नोटा उरल्यात. ऐकायला श्रीमंती, पण दादरच्या मनी चेंजरने "लहान नोटा घेत नाही" म्हणून परत हातात ठेवल्या. लेकीने त्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाली, "बाबा, आपल्याकडे सगळ्यांवर गांधीजी. यांच्याकडे दर नोटेवर वेगळा माणूस कसा?" मला काही सांगता येईना. तिथल्या विमानतळाला गुस्ती न्गुराह राई यांचं नाव आहे. त्यांच्याबद्दल आमचा ड्रायव्हर सारखा "पाहलावान, पाहलावान" म्हणत होता. मी आपला समजलो, कुस्तीगीर असणार. कोणाला माहिती आहे का?

नाणेवेडा
फार चुकला नाहीत! शब्द तोच, फारसीतला. आपल्याकडे तो आखाड्यात उतरला, त्यांच्याकडे रणांगणात. पाहलावान म्हणजे वीर. न्गुराह राई १९४६ साली डचांशी, म्हणजे तिथल्या जुन्या राज्यकर्त्यांशी, लढताना सगळ्या तुकडीसकट पडले.
'पाहलावान नासिओनाल' हा रीतसर सरकारी किताब आहे. पहिला १९५९ मध्ये लेखक अब्दुल मुइस यांना, मरणोत्तर. हयात माणसाला देतच नाहीत. नाव खालून सुचवायचं, मग गव्हर्नर, मंत्रालय अशी फाईल चढत जाते आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांची सही. आतापर्यंत दोनशेच्या वर झालेत.
तुमच्या हजाराच्या नोटेवर आचेच्या न्याक म्युतिया, १९१० साली डचांशी लढताना गेल्या. दोन हजारावर जकार्ताचे हुस्नी तामरिन. दहा हजारावर पापुआचे फ्रान्स कैसीएपो. २०१६ मध्ये ही नोट आली तेव्हा त्यांच्या रंगरूपावरून त्यांच्याच देशातल्या लोकांनी थट्टा केली होती. नोटेवर बसवलं म्हणून मनात बसवलं असं नसतं.

गिरणीचा भोंगा
२०२५ ची यादी बघा. मारसिना नावाची पूर्व जावातली पोरगी, घड्याळाच्या कारखान्यात कामगार. संपात पुढे होती, १९९३ मध्ये तिचा खून झाला. तेव्हा सत्तेवर कोण? सुहार्तो. तर १० नोव्हेंबरला मारसिना आणि सुहार्तो, दोघंही एकाच दिवशी राष्ट्रवीर!
आपला बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकखाली गेला. उद्या त्याला आणि त्या वेळच्या गोऱ्या गव्हर्नरला एकाच मांडवात हार घातले, तर परळमध्ये कोणी ऐकून घेईल का?

लालबागकर
चहा गार झाला हे वाचताना. पण १० नोव्हेंबरच का?

फौजी गल्ली
सुराबायामुळे, म्हणजे पूर्व जावातल्या बंदराच्या शहरामुळे. १७ ऑगस्ट १९४५ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. जपानी शरण आले होते, त्यांची हत्यारं काढून घ्यायला ब्रिटिश फौज उतरली आणि पाठोपाठ डच परत येणार हे लोकांनी ओळखलं. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी जहाजांवरून, विमानांतून शहर भाजून काढलं. पोरं तरी हटेनात, लढाई तीन आठवडे चालली. तो दिवस म्हणजे त्यांचा वीरदिन. आणि हो, मॅलबीच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये आपल्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या.

लालबागकर
शेवटची ओळ तीनदा वाचली. माझ्या आईचे वडील मराठा पलटणीत होते. "जावाला होतो" यापुढे कधी बोलले नाहीत. सुराबायातच होते की आणखी कुठे, आता विचारायला कोणी उरलं नाही. आम्ही पोरं मागे लागायचो, आजोबा, जपान्यांना मारलंत ना? ते तंबाखू मळत म्हणायचे, "जपानी तर आम्ही जायच्या आधीच हरले होते रे." मग लढलात कोणाशी, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.
बालीत त्या ड्रायव्हरला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, माझे आजोबा फौजेत होते, पंचेचाळीस साली तुमच्या देशात आले होते. त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.