5 एचपीचं इंजिन तासाला दीड लिटर खातंय, रॅक कमी करू का?

नदीकाठचा शेतकरी:
पलूसजवळ नदीवर 5 एचपीचं सिंगल सिलिंडर इंजिन आहे, मिनिटाला 1500 फेऱ्यांचं. आमच्याकडे या आठवड्यात वीज रात्रीची, त्यामुळे दिवसा इंजिनच. डिझेल जास्त लागतंय असं वाटलं म्हणून टाकीची नळी काढून सलाइनची 500 मिलीची बाटली टांगली. 20 मिनिटांत रिकामी! म्हणजे तासाला दीड लिटर. लोडवर थोडा काळा धूरही आहे. मेहुणे म्हणतात डिझेल पंपाचं सील तोड आणि रॅकचा, म्हणजे डिझेलचं माप कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचा, स्क्रू आत घे. घेऊ का?

ऊसवाला:
आमच्या शेजाऱ्यानं घेतला होता. धूर गेला, पण पाणी वरच्या सरीला चढेना.

पंप-नोझलवाला:
दादा, सीलला हात लावू नका. 31 वर्षं हेच काम केलंय म्हणून हक्कानं सांगतो.

आधी मोजणी नीट करू. नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड, त्यावरून एक बारीक नळी परत टाकीत जाते, ती तुम्ही बाटलीत सोडली होती का? नसेल तर परत आलेलं डिझेलसुद्धा तुम्ही जळालेलं धरलंत. ती नळी वेगळ्या बाटलीत घ्या. इंजिन वीस मिनिटं लोडवर गरम होऊ द्या, मग घड्याळ लावा. बाटली टाकीच्या उंचीलाच टांगा आणि नळीत एअर राहू देऊ नका.

आता हिशोब. चांगलं छोटं इंजिन किलोवॅटला तासाला 250 ग्रॅमच्या आसपास डिझेल घेतं. 5 एचपी म्हणजे 3.7 किलोवॅट, म्हणजे पूर्ण लोडवर साधारण 1.1 लिटर. दोन फेऱ्यांना एक फवारा, म्हणून 1500 फेऱ्यांना मिनिटाला 750 फवारे, तासाला 45,000. एका फवाऱ्याच्या वाट्याला जेमतेम एक थेंब येतो. पंप तपासायच्या बेंचवर आम्ही हजार फवाऱ्यांचं डिझेल काचेच्या नळीत धरतो, तुमच्या पंपाचं ते 24-25 मिलीच्या आसपास यावं.

तेवढं डिझेल जात असूनही धूर येत असेल तर दोष मापात नाही, ते जळत नाहीये. नोझल काढून हातपंपावर लावलं की कळतं. चांगलं नोझल कुर्र कुर्र आवाज करतं आणि धुक्यासारखा फवारा सोडतं. खराब झालेल्याच्या टोकाला मणी धरतो, तो खाली ओघळतो. तोच थेंब आत अर्धवट जळून काजळी करतो. फवाऱ्यासमोर बोट मात्र कधीही धरू नका, त्या दाबाला डिझेल कातडीतून आत शिरतं.

रॅकचा स्क्रू हा कमाल मापाचा अडथळा आहे. रोजचं डिझेल गव्हर्नर, म्हणजे फेरे सांभाळणारा भाग, लोड बघून ठरवतो. स्क्रू आत घेतला की लोडवर फेरे पडतात, पाणी कमी येतं आणि तेवढंच रान भिजवायला इंजिन जास्त तास चालवावं लागतं. म्हणून पाणीही मोजा, 200 लिटरचं बॅरल किती सेकंदात भरतं ते. उलटा प्रकारही मी केलाय. सुरुवातीच्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर एका ट्रॅक्टरचा रॅक वाढवून दिला. ऊस ओढताना काळा धूर, आणि दोन महिन्यांत पिस्टन धरला. तेव्हापासून बेंचवर मोजल्याशिवाय स्क्रू फिरवत नाही.

नदीकाठचा शेतकरी:
काका, केलं. परतीची नळी वेगळी धरली तर 20 मिनिटांत 60 मिली परत आलं. म्हणजे खरं 1.3 लिटर.

पंप-नोझलवाला:
60 मिली फार झालं. चांगल्या नोझलला परतीचं डिझेल थेंब थेंबच येतं. नोझलमधली सुई झिजलीय. एअर क्लीनरपण उघडून बघा.

नदीकाठचा शेतकरी:
एअर क्लीनरमध्ये धूळ धरणारं तेल नव्हतं, चिखलच होता. नोझल उघडायचा दाब 140 बारवर आला होता. नवं टाकलं, स्प्रिंगला पातळ पत्र्या घालून 200 ला बसवलं. आता परतीची नळी त्याच बाटलीत सोडून 500 मिली 26 मिनिटं पुरलं, म्हणजे तासाला 1.15. बॅरल आधी 24 सेकंदांत भरायचं, आता 21. धूर डोळ्याला दिसत नाही. सील जसंच्या तसं आहे.

ऊसवाला:
काका, माझ्या चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरला हीच बाटली लावू का?

पंप-नोझलवाला:
एकूण खप कळेल, कुठल्या सिलिंडरला किती जातंय ते नाही कळणार. तिथं चारही नळ्यांचं माप सारखं आणावं लागतं. त्यासाठी पंपात डिझेल दाबणाऱ्या प्रत्येक प्लंजरच्या (दट्ट्याच्या) बाहीचा स्क्रू ढिला करून ती केसभर फिरवायची. ते बेंचवरच करून घ्या.