वर्गातला वाढदिवस : चॉकलेटं थांबवू की चालू ठेवू?

दुसरीची शिक्षिका, नागपूर
पटावर 41 मुलं, म्हणजे जवळपास दर आठवड्याला एक वाढदिवस. पूर्वी एकेक गोळी वाटायचे. आता चॉकलेट, केक, वेफर्स असं अख्खं पुडकं येतं. ते मधल्या सुट्टीआधीच फुटतं आणि डब्यातली मेथीची भाजी-पोळी तशीच घरी जाते. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या 2020 च्या नियमांनी शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचं खाणं विकायला बंदी आहे. पण पुडकं कोणी विकत नाही, वाटतात.

मला टोचलं ते वेगळंच. गेल्या महिन्यात एक मुलगा नेमका वाढदिवशी आला नाही. एरवी सगळ्यांत आधी हात वर करणारा पोरगा. दुसऱ्या दिवशी त्याची आई म्हणाली, "बाई, ऑटोचा हप्ता भरायचा होता, चॉकलेटं जमली नाही. तर म्हणे मी शाळेत जातच नाही." दोन रात्री माझ्या डोळ्यासमोरून ते हललं नाही. तुम्ही तुमच्या वर्गात काय करता?

निवृत्त मुख्याध्यापिका, महाल
खाऊ बंद करू नका बाई, तो वाढदिवसापासून सोडवा. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस, तो दिवसभर शाळेची घंटा वाजवायचा आणि गोष्टही तोच निवडायचा. खाऊ महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सगळ्यांचा मिळून, शिक्षकांच्या वर्गणीतून. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री, दोघांत एक. सोलायचं मुलांनीच. वर्ग दिवसभर घमघमायचा, बिया मोजून बेरजाही व्हायच्या. मार्चमध्ये मृग बहाराची. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन येणाऱ्या मुलांना मिळणारा खाऊ, म्हणजे बोजारा, आणि संक्रांतीचा तिळगूळ यांना हात लावू नका, ते वर्षातून एकदाच येतात.

आणि पाढे म्हटले की टॉफी, हे नकोच. मी कित्येक वर्षं दिली. टॉफी संपली की पाढेही संपायचे.

एक आई, प्रतापनगर
तिळगुळात शेंगदाण्याचा कूट असतो. माझ्या मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, पौष्टिक म्हणून वाटलेल्या चिक्कीनं तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. काहीही वाटण्याआधी घरोघरी चिठ्ठी पाठवून विचारा, हात जोडून सांगते.

आहारतज्ज्ञ, धरमपेठ
पालकसभेत पाच चमचे साखर काचेच्या वाटीत ठेवा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या सूचनांत मोठ्या माणसालाही दिवसाला 25 ग्रॅमच्या आतच साखर सांगितली आहे, ती साधारण एवढीच. सात वर्षांच्या लेकराला त्याहून कमी. वाटी पाहिली की पालकांना वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरीची शिक्षिका, नागपूर
चिठ्ठी आत्ताच लिहून काढली. घंटा सोमवारपासून, आणि पहिला मान त्या मुलाचा, त्याचा राहिलेला वाढदिवस आधी करू. एवढं सांगा, कोणी तरीही पुडकं पाठवलंच तर? मुलाचा चेहरा पडू नये.

निवृत्त मुख्याध्यापिका, महाल
सकाळीच हळूच ऑफिसच्या कपाटात ठेवायचं. शाळा सुटल्यावर फाटकाशी आईच्या हातात द्यायचं, आणि त्यानं आज घंटा किती छान वाजवली ते सांगायचं.