इंकस्केपमधील लेबलावरचा फोटो पडद्यावर स्वच्छ, छपाईत मात्र पायऱ्यापायऱ्यांचा आणि भोवती चौकोन

रावेर_डीटीपी यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्यासाठी मी खोक्यावर चिकटवायचे लेबल इंकस्केप १.३ या चित्रे आखण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार करत आहे. लेबलाचा आकार २०० बाय १२० मिलिमीटर आहे. पार्श्वभूमी सपाट हिरवी असून उजवीकडे केळीच्या फणीचा, मागचा भाग काढून टाकलेला पीएनजी फोटो ९० मिलिमीटर रुंदीत बसवला आहे, आणि फणी उठून दिसावी म्हणून फिल्टरच्या यादीतील ‘ड्रॉप शॅडो’ वापरून तिला मऊ सावली दिली आहे. मूळ फोटो ३००० पिक्सेल रुंद आहे, त्यामुळे तो कमी दर्जाचा आहे असे म्हणता येणार नाही.

पडद्यावर सर्व काही उत्तम दिसते. मात्र पीडीएफ करून घरच्या प्रिंटरवर छापली असता फणीच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात आणि सालीवरचे बारीक ठिपके पुसल्यासारखे होतात. छापखान्याने ईपीएस (छपाईसाठीचा जुना फाइल प्रकार) मागितली म्हणून तीही दिली, तर प्रूफवर (तपासणीच्या नमुना छपाईवर) फणीभोवती एक स्पष्ट चौकोन उमटला. चौकोनातील हिरवा रंग बाहेरच्या हिरव्यापेक्षा किंचित फिकट आहे. शेवटी मूळ एसव्हीजी (इंकस्केपची स्वतःची) फाइलच पेन ड्राइव्हवर घालून नेली, तर तेथील संगणकावर व्यापाऱ्याच्या बोधचिन्हाच्या जागी लाल फुलीची रिकामी चौकट आली. शिवाय पडद्यावरचा टवटवीत हिरवा कागदावर मळकट उतरतो, ते वेगळेच.

प्रिंटर बदलून पाहिला, कागद बदलून पाहिला, काही फरक पडला नाही. पुढच्या आठवड्यात केळीची कापणी सुरू होत आहे आणि खोकी येऊन पडली आहेत. दोष नेमका कोठे शोधावा, हे कृपया सांगावे.

तापीकाठ यांचे उत्तर

लाल फुलीचे कारण सरळ आहे. बोधचिन्ह आयात करताना आपण ‘एम्बेड’ऐवजी ‘लिंक’ हा पर्याय निवडला असणार. लिंक केल्यावर एसव्हीजी फाइलमध्ये चित्र येत नाही, चित्र आपल्या संगणकावर कोणत्या फोल्डरमध्ये आहे तेवढा पत्ता येतो, आणि छापखान्याच्या संगणकावर त्या पत्त्यावर काहीच नसते. चित्रावर उजवी टिचकी देऊन ‘एम्बेड इमेज’ करावे. खात्री करायची असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स दाबून एक्सएमएल संपादक उघडावा व त्या चित्राच्या ‘एचरेफ’ या नोंदीसमोर काय लिहिले आहे ते पाहावे. फाइलचा मार्ग दिसला तर चित्र अजून बाहेरच आहे. ‘डेटा’ या शब्दाने सुरू होणारी अक्षरांची लांबच लांब माळ दिसली तर ते आत आले आहे. आत आल्यावर चित्राचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, त्याची चिंता करू नये.

धुळे_ऑफसेट यांचे उत्तर

भाऊ, मी छपाईच्या कामातच आहे, आणि आखाजीच्या लग्नसराईत पत्रिकांवरच्या गणपतीभोवती आपण सांगता तसाच चौकोन मी अनेकदा पाहिला आहे. आपण जोडलेल्या दोन्ही फाइली उतरवून घेतल्या. या चार तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून एका उपायाने सर्व मिटणार नाही. मात्र त्यातील दोन्ही मोठ्या तक्रारींच्या मुळाशी ती सावली आहे.

आधी पायऱ्यांविषयी. पॉपलर नावाच्या मोफत संचात पीडीएफमधील चित्रांची यादी देणारे एक साधन आहे. त्याने आपली पीडीएफ तपासली असता फणीचे चित्र सुमारे ३८० पिक्सेल रुंद आणि इंचाला ९६ पिक्सेल एवढ्याच घनतेचे निघाले. म्हणजे आपण ३००० पिक्सेल दिले आणि पीडीएफमध्ये ३८० उरले. प्रिंटरने हे केलेले नाही, त्यामुळे प्रिंटर आणि कागद बदलून फरक पडणे शक्यच नव्हते. पीडीएफमध्ये सावली, ब्लर असे फिल्टर जसेच्या तसे साठवता येत नाहीत, म्हणून इंकस्केप फिल्टर लावलेल्या संपूर्ण वस्तूचे पिक्सेलचे चित्र बनवते. येथे ‘संपूर्ण वस्तू’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सावली फोटोलाच लावलेली असल्यामुळे सावलीसोबत फोटोही त्या चरकातून जातो. पीडीएफ साठवताना जी खिडकी उघडते, तिच्यात ‘रास्टराइझ फिल्टर इफेक्ट्स’ या पर्यायाखाली रिझोल्यूशनचा एक आकडा असतो. तो मुळात ९६ असतो आणि आपण सर्वजण तो न वाचता पुढे जातो. ९० मिलिमीटर म्हणजे साडेतीन इंचांहून थोडे अधिक. त्याला ९६ ने गुणले की ३४० पिक्सेल होतात आणि उरलेले ४० सावलीच्या पसाऱ्याचे. तेथे ३०० लिहिल्यास त्याच फोटोला हजाराहून अधिक पिक्सेल मिळतील. ऑफसेटवर इंचाला १५० रेघांचा स्क्रीन (छपाईच्या ठिपक्यांची जाळी) असेल तर चित्राची घनता त्याच्या दुप्पट ठेवायची, असा आमच्याकडचा जुना हिशेब आहे आणि ३०० हा आकडा त्यातूनच आला आहे.

आता चौकोन. ईपीएस ही पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या जुन्या भाषेवर आधारलेली आहे आणि पोस्टस्क्रिप्टमध्ये अर्धपारदर्शकता ही गोष्टच नाही. पीडीएफमध्ये ती १.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००१ पासून आली. मऊ सावली म्हणजे अर्धपारदर्शक काळा रंग. तो ईपीएसमध्ये बसत नाही, म्हणून साठवतानाच सावलीखालचा हिरवा, सावली आणि फणी यांचे मिळून एकच चौकोनी चित्र तयार होते. आता आपल्या लेबलात हिरवा रंग दोन रूपांत आहे: चौकोनाच्या आत तो चित्राच्या पिक्सेलचा आहे आणि बाहेर तो व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या गणिताने आखलेल्या, आकाराचा भराव आहे. छपाईकडे जाताना चित्रांचे रंग आणि आकारांचे रंग बहुधा वेगवेगळ्या नियमांनी शाईत बदलले जातात. पडद्यावर दोन्हींचे मूल्य अगदी एक असले तरी कागदावर ते एकमेकांपासून थोडे सरकतात, आणि माणसाचा डोळा हा फरक सरळ रेषेवर चटकन पकडतो. भिंग असेल तर प्रूफवर त्या रेषेपाशी धरून पाहावे; दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांचा आकार निराळा दिसेल.

माझा सल्ला असा. ‘फिल्टर्स’मधील ‘रिमूव्ह फिल्टर्स’ने सावली काढावी. फणीचा मागचा भाग न काढलेला मूळ जेपीईजी फोटो घ्यावा, पेन टूलने फणीच्या कडेने बंद रेघ ओढावी, फोटो व रेघ दोन्ही निवडून ‘ऑब्जेक्ट’ मेनूतील ‘क्लिप’ करावे. क्लिपची कड व्हेक्टर असते, तिला पारदर्शकता लागत नाही आणि फोटोही मूळ पिक्सेलसह पीडीएफमध्ये जातो. केळीच्या फणीसारख्या ठसठशीत कडांच्या वस्तूला हे पुरते. केसांना किंवा कणसाच्या तुऱ्याला मात्र पुरणार नाही. सावली हवीच असेल तर त्याच रेघेची प्रत काढून ती गडद हिरव्या सपाट रंगाने भरावी व फोटोखाली थोडी खाली सरकवावी. लेबल दोन हात अंतरावरून वाचले जाते, तेथे मऊ सावलीपेक्षा ही सपाट सावली अधिक उठावदार दिसते, असे माझे मत आहे. आणि ईपीएस देऊ नये, पीडीएफच द्यावी.

चाळीसगाव_ग्राफिक्स यांचे उत्तर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा संपूर्ण लेबल ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेलवर) पीएनजी म्हणून निर्यात करावे आणि तेच छापखान्यास द्यावे. सर्व एकाच चित्रात आल्यामुळे चौकोनही दिसणार नाही आणि फॉन्टचाही प्रश्न येणार नाही. मी फ्लेक्सची सर्व कामे अशीच देतो.

धुळे_ऑफसेट यांचे उत्तर

फ्लेक्ससाठी आपले म्हणणे बरोबर आहे, कारण तो लांबून पाहायचा असतो. या लेबलावर मात्र वजन, प्रतवारी आणि पत्ता सात-आठ पॉइंटच्या देवनागरीत आहे. ३०० डीपीआयच्या चित्रात एवढ्या लहान अक्षरांची वेलांटी आणि रफार बुजतो, आणि काळा मजकूर चारही शाईंत विभागला गेला तर प्लेट केसभर सरकताच अक्षराला रंगीत कड दिसते. फोटो चित्र म्हणून जाऊ द्यावा, पण अक्षरे व्हेक्टरच राहावीत. फॉन्टची भीती असेल तर मजकूर निवडून शिफ्ट, कंट्रोल आणि सी दाबावे, म्हणजे अक्षरांचे आकारांत रूपांतर होते. त्याआधी मूळ फाइलची एक प्रत मात्र वेगळी ठेवावी, कारण नंतर त्यातील एक कानाही बदलता येत नाही.

रावेर_डीटीपी यांचे उत्तर

काल रात्री दोन्ही प्रकार करून पाहिले. आधी केवळ तो आकडा ९६ वरून ३०० केला आणि घरीच छापले, तर पायऱ्या गेल्या व सालीवरचे ठिपके परत आले. मात्र सावलीच्या कडेला चौकोनाची पुसट खूण बारकाईने पाहिल्यास दिसत होती. मग क्लिप करून सपाट सावली दिली. कडेची रेघ ओढायला सुमारे एक तास लागला, पण आता चौकोन पूर्ण गेला आहे. बोधचिन्ह एम्बेड केले. ते बोधचिन्ह व्यापाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले होते, त्यामुळे एम्बेड केल्यावरही ते धूसरच राहिले. तेच पुन्हा डॉक्युमेंट म्हणून मागवले, तेव्हा स्वच्छ आले.

हिरव्या रंगाचे मात्र काय करावे?

तापीकाठ यांचे उत्तर

पडद्यावरचा तो टवटवीत हिरवा सायन (निळसर) आणि पिवळ्या शाईतून निघतच नाही, त्यामुळे कोणत्याही सेटिंगने तो कागदावर येणार नाही. इंकस्केप १.३ मधून निघणारी पीडीएफ आरजीबी (पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या) रंगांतच असते. आता पार्श्वभूमी निव्वळ व्हेक्टर आकार असल्यामुळे छापखान्यातील ऑपरेटर ती पीडीएफ कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडून हिरव्या भरावाला थेट सीएमवायकेचे (छपाईच्या चार शाईंचे) आकडे देऊ शकतो आणि मजकूर केवळ काळ्या शाईत टाकू शकतो. आपण स्वतः तेथे बसून त्यांच्याकडच्या छापील रंगतक्त्यावरून हिरवा निवडावा, पडद्यावरून निवडू नये. हे काम घरीच करायचे असेल तर स्क्रायबस हे पानांच्या मांडणीचे मोफत सॉफ्टवेअर वापरता येईल, पण हाताशी आठवडाच असेल तर नवीन सॉफ्टवेअर शिकत बसू नये. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पार्श्वभूमी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढली आहे ना, तेही एकदा पाहून घ्यावे.

रावेर_डीटीपी यांचे उत्तर

पार्श्वभूमी बाहेर काढलेली नव्हती. बरे झाले आठवण केलीत. आज दुपारी छापखान्यात ऑपरेटरशेजारी बसून तक्त्यावरून हिरवा ठरवला. माझ्या पडद्यावरच्या रंगापेक्षा तो गडद आहे, पण प्रूफ हातात आल्यावर व्यापाऱ्याने तो कच्च्या केळीच्या सालीशेजारी धरून पाहिला आणि तोच पक्का केला. भिंगातून पाहिले, फणीभोवती ठिपके सलग आहेत. प्लेट उद्या सकाळी निघेल.