थकव्याने तुटलेला शाफ्ट: एक्स-रे डिफ्रॅक्शनने भार कळेल का?

प्रश्न (विक्रोळी)
नमस्कार. आमच्या पंपाचा ईएन-२४ (निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्र) पोलादाचा शाफ्ट की-वेच्या (चावी बसवण्याच्या खाचेच्या) कोपऱ्यापाशी तुटला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वळणदार रेषा आहेत, त्यामुळे वारंवारच्या भाराने (थकव्याने) भेग हळूहळू वाढत गेली हे उघड आहे. परंतु भार नेहमीपेक्षा जास्त होता का, हे आम्हांला ठरवायचे आहे. आमच्या एक्स-रे डिफ्रॅक्शन यंत्रात (स्फटिकांवरून क्ष-किरण कोणत्या कोनांत परततात हे मोजणाऱ्या) तांब्याची क्ष-किरण नळी आहे. ती चालेल का?

उत्तर (पवई)
पोलादासाठी तांब्याची नळी टाळावी. तिच्या किरणांनी लोहाचे अणू स्वतःच क्ष-किरण सोडू लागतात आणि पार्श्वभूमी इतकी उंचावते की शिखर (ठरावीक कोनात मिळणारा तीव्र संकेत) त्यात बुडते. क्रोमियमची नळी घ्या, तिच्या २.२९ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला फेराइटचे (पोलादातील लोहाच्या स्फटिकरूपाचे) २११ या स्फटिकपातळ्यांचे शिखर १५६ अंशांजवळ मिळते, आणि एवढ्या मोठ्या कोनात स्फटिकजाळीतील अंतराचा अगदी बारीक फरकही टिपता येतो. शिखर सरकण्यावरून अवशिष्ट ताण (भार गेल्यावरही धातूत उरणारा ताण) काढता येतो, तर त्याच्या रुंदीवरून धातू आतून किती विस्कटला आहे याचा अंदाज येतो.

मात्र हे किरण पोलादात जेमतेम ५ मायक्रॉन शिरतात, त्यामुळे केवळ पृष्ठभाग मोजून भागणार नाही. इलेक्ट्रोपॉलिशिंगने (विजेच्या साहाय्याने द्रावणात धातू विरघळवून) थोडा थोडा थर काढत, प्रत्येक थरानंतर मोजत जावे. ज्या खोलीवर रुंदी मूळ धातूइतकी होते, तिथे भेगेच्या टोकापुढचा कायमचा विकृत झालेला पट्टा संपतो. त्याची खोली ताण-तीव्रतेच्या (भार आणि भेगेची लांबी यांनुसार वाढणाऱ्या, भेगेच्या टोकावरील ताणाच्या मापाच्या) कमाल मूल्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे पट्टा दुप्पट खोल आढळला तर ते मूल्य सुमारे १.४ पट धरावे.

उत्तर (माझगाव)
एक भर घालतो. ईएन-२४ हार्डनिंग-टेंपरिंग केलेले (तापवून झटकन थंड करून पुन्हा बेताने तापवलेले) असेल, तर शिखराची रुंदी वाढण्याऐवजी घटूही शकते, कारण अशा पोलादात आधीच दाटलेली डिसलोकेशन्स (स्फटिकरचनेतील रेषीय दोष) वारंवारच्या भाराने नव्याने मांडली जातात. म्हणून बदल कोणत्या दिशेने झाला यापेक्षा तो किती खोलवर पोचला, हे पाहावे. मोजणी रेषांच्या भागातच, भेगेच्या उगमापासून दोन-तीन वेगवेगळ्या अंतरांवर करावी; शेवटी एकदम तुटलेला खरबरीत भाग निराळा ठेवावा. आणि तुकडे आजच सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा, कारण आपल्या पावसाळी हवेत उघडे तोंड फार लवकर गंजते.

प्रश्नकर्ता (विक्रोळी)
मनापासून आभार. एका तुकड्याचे तोंड फिटरने तारेच्या ब्रशने घासले आहे, त्यामुळे वरचा थर बिघडला असणार. दुसरा तुकडा अजून कोणी हाताळलेला नाही. तोच डब्यात ठेवून क्रोमियमची नळी असलेल्या प्रयोगशाळेत नेतो.