टाचेवरची शीर धरलीय, फिजिओची तारीख तीन आठवड्यांनी. तोवर पळणं पूर्ण बंद करायचं का?

पहाटपळ्या

मंडळी, सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. आठवड्याला साधारण ३५ किमी पळणं होतं. गेल्या महिन्यात त्यात यवतेश्वर घाटाच्या चढाया घातल्या आणि त्याच सुमारास बूटही बदलले. जुने १० मिमी ड्रॉपचे (टाच चवड्यापेक्षा जितकी उंच, तो ड्रॉप) होते, नवे ४ मिमीचे आहेत. आता उजव्या टाचेच्या तीन-चार बोटं वर शीर दुखते. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली पावलं लंगडत, मग पंधरा-वीस मिनिटांत सुटते. पळताना पहिले दोन किमी त्रास, पुढे बरं, संध्याकाळी परत ठणका. चिमटीत धरली तर डावीपेक्षा जाड लागते. पडलो-मुरगळलो असं काही नाही.

आमच्याकडे चांगले फिजिओ पंधरवड्यातून एकदा येतात, तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. घरचे म्हणतात तेल लावून चोळ, ग्रुपवरचे म्हणतात स्ट्रेच कर, डॉक्टरांनी गोळ्या आणि आराम सांगितलाय. नेमकं काय करू? व्यायाम आत्ताच सुरू केला तर बिघडेल का?

पोटरीपुराण

वर्णनावरून अकिलिसच्या, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड शिरेच्या, मधल्या भागाचं दुखणं वाटतं. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंमी वर दुखणं, सकाळी आखडणं, अंग गरम झालं की सुटणं आणि हाताला लागणारी जाडी, सगळं जुळतंय. तरी आज एवढं करा: पाय सैल सोडून शीर वरून खाली चिमटीत दाबत या आणि सगळ्यात जास्त कुठे दुखतं ते पाहा. शीर जिथे टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच कळ येत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, व्यायामही थोडे बदलतात.

नुसता आराम हा अर्धाच उपाय. दुखणं उतरतं खरं, पण शिरेची ताण सोसायची ताकदही उतरते. पळताना एकेका पावलाला अकिलिसवर शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट ताण येतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला चारशे किलोच्या वर. महिनाभर बसून मग एकदम तो भार टाकला की दुखणं पुन्हा पहिल्या पानावर.

पहिला आठवडा असा काढा. भिंतीला बोटं टेकून दोन्ही पायांवर उभे राहा, टाचा निम्म्या उंचीपर्यंत उचला आणि तिथेच ४५ सेकंद थांबा. असं पाच वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. दिवसातून दोनदा. सोपं वाटू लागलं की वजन हळूहळू दुखऱ्या पायावर सरकवा. काहींचं दुखणं यानं तिथल्या तिथे उतरतं, काहींचं नाही. नाही उतरलं म्हणून सोडू नका, पोटरीला काम मिळतंय तेवढं पुरे.

सकाळची आखड वाढली नाही तर दुसऱ्या आठवड्यापासून सपाट जमिनीवर टाचा उचलणं: तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १५ चे तीन सेट, दिवसाआड. तेवढेच पुन्हा गुडघे थोडे वाकवून, कारण पोटरीचा खोलातला स्नायू (सोलियस) गुडघा वाकल्यावर जास्त राबतो आणि पळताना मोठा भार तोच ओढतो. दोन पायांवर सोपं झालं की दोन पायांवर वर जा, एका पायावर खाली या. मग एकाच पायावर. मग पाठीवर सॅक, त्यात पाच किलोची तांदळाची पिशवी.

चुकतं कुठे? बहुतेक जण उसळ्या मारतात. खालून उसळी घेतली की स्नायूचं काम कमी होतं आणि शिरेला झटका बसतो. दुसरं, थकल्यावर घोटा बाहेर कलंडतो आणि भार करंगळीकडे जातो. अंगठ्याच्या मुळाशी भार राहिला पाहिजे. समोर आरसा नसेल तर मोबाइल मागे जमिनीवर ठेवून व्हिडिओ घ्या, लगेच दिसतं.

एकशेऐंशी

एवढं फिरवून कशाला सांगायचं? अल्फ्रेडसन यांच्या नावाची व्यायामपद्धत करा. पायरीच्या कडेवर चवडे, टाच पायरीच्या खाली सोडायची, १५ चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन सेट वाकवून, सकाळ-संध्याकाळ. दिवसाला १८०, बारा आठवडे. १९९८ पासून जगभर चालतंय.

घोटा_आणि_टाच (फिजिओथेरपिस्ट)

अल्फ्रेडसन चालतंच, वाद नाही. पण आज शीर चिडलेली असताना, शेजारी कोणी बघणारं नसताना, पहिल्या दिवसापासून १८० करणारे बरेच लोक थोड्याच दिवसांत सोडतात. शिवाय २०१५ च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा जड वजनाने सावकाश केलेल्या व्यायामाचा निकालही तितकाच चांगला आला. त्यामुळे पोटरीपुराण यांनी दिलेला क्रम तीन आठवड्यांसाठी योग्य. आणि हाडाच्या टोकाशी दुखणं असेल तर टाच पायरीखाली सोडायचीच नाही: घोटा पुढे वाकला की शीर टाचेच्या हाडावर दाबली जाते, आणि त्या जागेला तो दाबच सोसत नाही. अशांनी सपाट जमिनीवरच व्यायाम करायचा, टाच जमिनीच्या पातळीखाली न्यायची नाही.

आता तारखेची वाट बघायची नाही असे प्रसंग. पळताना मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'टक्' आवाज झाला किंवा त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता येईना, तर शीर तुटल्याची शंका धरा. पलंगावर पालथे झोपा, पावलं कडेबाहेर लोंबू द्या आणि कोणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल आपोआप खाली झुकायला हवं. झुकलं नाही तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ. झुकलं पण शंका उरली, तरीही दाखवाच. पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा अंथरुणात पडून राहिल्यावर, तर रक्ताच्या गुठळीसाठी तपासणी लागते. तिथे चोळणं अजिबात नको.

आणखी एक, जे कोणी विचारत नाही. मागच्या काही आठवड्यांत जुलाबासाठी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांपैकी काही घेतलंय का? आपल्याकडे ही औषधं चिठ्ठीशिवायही सर्रास घेतली जातात. या गटातली प्रतिजैविकं शिरा दुखावतात, आणि त्यात अकिलिस सगळ्यात पुढे. साठीच्या पुढच्यांना आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. औषध चालू असताना दुखायला लागलं असेल तर पळणं थांबवा आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा, पर्यायी औषध मिळतं.

दोन्ही टाचा एकदम दुखतात, सकाळची आखड अर्ध्या तासाहून जास्त टिकते, कंबरही पहाटे धरते आणि हालचालीने मोकळी होते, किंवा अंगावर सोरायसिस आहे, अशांनी संधिवाततज्ज्ञांना दाखवावं. ते पळण्याचं दुखणं नसतं.

इंजेक्शन घेऊन लवकर मोकळं व्हावं असं कोणी सुचवलं तर स्टेरॉइड शिरेत टोचून घेऊ नका. सोनोग्राफीचीही आत्ता घाई नाही. दुखत नसलेल्या पळणाऱ्यांच्या शिरेतही जाडी आणि बदल दिसतात, आणि रिपोर्ट वाचून माणूस उगाच घाबरतो.

बूटवाला

तुमच्या प्रश्नात उत्तर अर्धं आहेच: घाट आणि कमी ड्रॉप एकाच महिन्यात. चढावर घोटा जास्त वाकतो, ड्रॉप सहा मिमीने उतरला की आणखी वाकतो. जुने बूट झिजून वाकडे झाले नसतील तर तेच बाहेर काढा.

शिवाय टाचेखाली १० ते १२ मिमीचा उंचवटा घाला, दोन्ही बुटांत. एकाच बुटात घातला तर कंबर बोलायला लागते. सर्जिकलच्या दुकानात हील पॅड मिळतं, पण सिलिकॉनचं मऊ पॅड वजनाखाली दबून बरंच बसतं. त्यापेक्षा चांभाराकडून कडक फोमच्या शीटची पाचर कापून घ्या: मागे १२ मिमी, पुढे निमुळती होत शून्य, लांबी टाचेपासून पावलाच्या कमानीपर्यंत. इनसोलच्या खाली ठेवायची, वर नाही, नाहीतर सरकते. घातल्यावर टाच बुटाच्या बाहेर निसटते का ते बघा. निसटत असेल तर वरच्या जादा भोकातून लेस ओवून घट्ट करा. बुटाची मागची कडक कड दुखऱ्या जागेवर घासत असेल तर तो बूट सध्या बाजूला.

आणि घरात अनवाणी फिरणं बंद. फरशीवर दिवसभर सपाट पावलाने वावरणं आणि बाहेर जाताना सपाट कोल्हापुरी, यात पाचरीने कमावलेलं सगळं जातं. थोडी टाच असलेली चप्पल घरातही घाला.

पहाटपळ्या

सगळ्यांचे आभार. दाबून पाहिलं, सगळ्यात जास्त दुखतं ते हाडापासून साधारण चार सेंमी वर. पोटरी दाबल्यावर पाऊल झुकतं. ती औषधं घेतलेली नाहीत.

आता पळण्याचं नक्की काय? रोज सकाळी बारा सूर्यनमस्कार घालतो, ते चालतील? डायक्लोफेनॅक घेऊन लांबचा रन काढला तर? आणि शर्यत सात आठवड्यांवर आहे.

घोटा_आणि_टाच

म्हणजे मधल्याच भागाचं. बरं.

पळणं: चालताना लंगडत असाल तोवर नाही. लंगड थांबली की सपाट रस्त्यावर एक मिनिट सावकाश पळा, एक मिनिट चाला, असं दहा वेळा. घाट, ट्रॅकवरचे इंटरव्हल, उड्या सगळं बंद. वेग वाढला की शिरेवरचा भार झपाट्याने वाढतो, त्यामुळे आधी मिनिटं वाढवायची, मग वेग आणि सगळ्यात शेवटी चढ. दोन पळण्यांत निदान ४८ तास ठेवा. ताण दिल्यावर पहिले २४ ते ३६ तास शिरेतल्या कोलॅजनची (शीर ज्या तंतूंची बनते त्या प्रथिनाची) मोडतोड जास्त आणि भरती कमी असते. रोज पळलं तर ती भरून यायच्या आधीच पुन्हा मोडते. जड व्यायाम पळण्याच्या दिवशीच उरकून टाका, म्हणजे मधला दिवस खरोखर मोकळा राहील.

किती चालेल हे शीर दुसऱ्या दिवशी सकाळी सांगते. दहापैकी पाचपर्यंत दुखणं पळताना किंवा व्यायामात चालतं, पण दुसऱ्या सकाळी ते नेहमीच्या पातळीवर हवं आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. २००७ च्या स्वीडिश अभ्यासात याच नियमाने पळणं चालू ठेवणारे, व्यायाम सोबत करून, पहिले सहा आठवडे पळणं-उड्या थांबवणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत. म्हणून चहाच्या आधी, अनवाणी, दोन पायांवर दहा वेळा टाचा उचला आणि दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्या. आदल्या दिवशी तीन होता आणि आज पाच, तर कालचं काम जास्त झालं. पुढच्या वेळी ते तिसऱ्या हिश्शाने कमी करा, शून्य करू नका.

डायक्लोफेनॅक घेऊन लांबचा रन तर नकोच. गोळीने हा आकडाच खोटा होतो, आणि उन्हात घाम गाळत असताना वेदनाशामक मूत्रपिंडावर जड पडतं. पित्ताचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आणखीच. रात्री ठणका असह्य असेल तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत चार-पाच दिवस घेणं वेगळं. बर्फ पंधरा मिनिटं, कापडात गुंडाळून, बरं वाटत असेल तर लावा. त्याने शीर दुरुस्त होत नाही, बिघडतही नाही. तेल लावायचं तर पोटरीच्या मांसल भागाला, हलक्या हाताने. शिरेवर अंगठा रोवून चोळू नका.

सूर्यनमस्कारात अडचण पर्वतासनाची. तिथे टाचा जमिनीला टेकवायचा अट्टाहास सोडा, गुडघे थोडे वाकवा. पाय झटक्याने मागे टाकू नका. उकिडवं बसणं आणि भारतीय पद्धतीचं संडास तुम्हाला चालेल. हाडाच्या टोकाशी दुखणाऱ्यांनी मात्र टाचेखाली फळी घ्यावी किंवा कमोड वापरावा. भिंत ढकलत केलेले पोटरीचे स्ट्रेच सध्या वगळा. आखडलेपणा वाटतो तो पोटरी आखूड झाल्यामुळे नव्हे, शीर चिडल्यामुळे.

पोटरीपुराण

दम टिकवायला सायकल. पेडल चवड्याखाली नको, पावलाच्या मध्याखाली घ्या, टाच खाली झुकू देऊ नका, उभं राहून पेडल मारू नका. ज्या दिवशी ५० मिनिटांचा रन ठरला होता त्या दिवशी तेवढाच वेळ, बोलता येईल इतक्या जोरात. आठवड्यातून एकदा तीन-तीन मिनिटांचे पाच जोरकस तुकडे. पोहणंही छान, फक्त भिंतीला लाथ मारून वळू नका, हाताने वळा.

शर्यतीबद्दल मला विचाराल तर या वर्षी मनातून काढून टाका. पायाची तब्येत छान असली तरी सात आठवडे फार नाहीत आणि शिरेचा हिशेब साधारण बारा आठवड्यांचा असतो, बऱ्याचदा त्याहून जास्त. एका पायावर सलग वीस वेळा पूर्ण उंचीपर्यंत टाच उचलता येईना तोवर घाट नाही. त्यानंतरही सपाटीवर दहा किमी पळून दोन आठवडे सकाळचा आकडा हलला नाही, तरच यवतेश्वरचा पहिला टप्पा. उतरताना मांड्या भरून येतील, पण अकिलिसची परीक्षा चढावर असते.

घोटा_आणि_टाच

सहमत. फिजिओकडे जाताना दोन्ही बूट न्या, जुने आणि नवे. मागच्या दोन महिन्यांचे आठवडावार किमी, घाट कोणत्या तारखेपासून घातला ते, सकाळच्या आकड्यांची वही आणि एका पायावर टाच उचलतानाचा मागून घेतलेला व्हिडिओ, दोन्ही पायांचा. साखर आणि कोलेस्टेरॉल अलीकडे तपासलं असेल तर तो कागदही. मधुमेहात शीर सावकाश भरते, आणि आनुवंशिकतेने कोलेस्टेरॉल खूप वाढलेल्यांची अकिलिस न पळताही जाड होते.